बाहीवरचा रखवालदार

मी एकदा मनावर घेतलं की ते काम होतंच. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी काही मनावर घेतलं की सगळे आधी घाबरतात. मागे गळका नळ मी एकटीने दुरुस्त केला होता. नंतर खालच्या मजल्यावरच्यांचं छत रंगवून द्यावं लागलं, पण नळ गळायचा थांबला की नाही?

तर यंदा मी मनावर घेतली ती नाताळच्या झाडाची सजावट. मी ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसते. आमच्या दिवाणखान्याएवढ्या हॉलमध्ये दरवर्षी एक झाड उभं राहतं आणि त्याला तेच ते चकचकीत गोळे लटकतात. यंदा खोकं उघडलं तर निम्मे गोळे फुटलेले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "नवीन मागवू या."

"अजिबात नको," मी म्हणाले. "मी हाताने शिवते. फेल्टच्या कापडाच्या बाहुल्या. गाजलेल्या जुन्या कादंबऱ्यांमधली पात्रं. ग्रंथालयाचं झाड ग्रंथालयासारखं दिसायला नको का?"

बाई खूश झाल्या. "छान. मग त्या संध्याकाळी या पात्रांच्या गोष्टी कुणी सांगितल्या तर?"

"सांगतील की. आमचे बाबा सांगतील."

बोलून गेले आणि मगच मला आपण काय बोललो ते कळलं. तोपर्यंत बाईंनी दारावर लावायची पाटी रंगवायला घेतली होती.

बाबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर कॉलेजात साहित्य शिकवलं. त्यांच्या वर्गाला दुसऱ्या शाखेची मुलं चोरून येऊन बसायची म्हणे. पण गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर हळूहळू गेली. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. डॉक्टरांनी हात टेकले. आणि नजर गेली तशी बाबांनी खोलीच धरली. जेवायला टेबलापर्यंत येतात, तेही भिंत चाचपत. बाहेर चला म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मी काय बालवाडीत आहे, कुणाचा हात धरून चालायला?" बाहेर गेलं तर हात धरावा लागणार, आणि हात ते धरणार नाहीत. संपला विषय.

घरी येऊन मी हळूच विषय काढला. बाबा इतके चिडले की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"मला न विचारता पाटी लावलीस?"

"बाबा, तुम्हाला त्या कादंबऱ्या तोंडपाठ आहेत."

"तोंडाचा प्रश्न नाहीये." मग ते खुर्चीत जरा पुढे वाकले. "असं कर. आण तुझ्या बाहुल्या. त्यातली एक जरी मला हाताने ओळखता आली तर येईन. नाही आली, तर मला बाहेर काढायचं नाव घरात पुन्हा कुणी काढायचं नाही. कबूल?"

सासूबाई मागून जोरजोरात मान हलवून 'नाही' म्हणत होत्या. मी म्हणाले, "कबूल."

आता यात झाडाचं सोडा. हरले असते तर हा माणूस कायमचा त्या खोलीत राहिला असता, आणि तोही माझ्या शब्दावर. मला खरंच धडकी भरली. मी पदर खोचला.

चार पात्रं निवडली. दीपगृहाचा म्हातारा रखवालदार. भाडेकरूंवर डोळे वटारणारी घरमालकीण. बहिरेपण लपवून निकाल देणारा न्यायाधीश. आणि बर्फात टपालाची गाडी हाकणारा गाडीवान. नवऱ्याने पुठ्ठ्याचा एक सुबक साचा कापून दिला, डोकं, हात, पाय सगळं नीट. त्या साच्याने मी चारही जण कापले, कापूस भरला, कडांनी बारीक टाके घातले. आणि रंग! न्यायाधीशाच्या झग्याला हवा तसा राखाडी मिळावा म्हणून मी दुकानदाराला सगळा गठ्ठा खाली काढायला लावला. घरमालकिणीच्या शालीला डाळिंबी, गाडीवानाला बाटलीसारखा हिरवा. मी स्वतःच त्यांच्याकडे बघत बसले, इतके देखणे झाले होते.

बाबांच्या हातात पहिला दिला. त्यांनी वरून खाली बोटं फिरवली.

"बटाटा."

"बाबा!"

"दुसरा दे." दुसरा दिला. "हाही बटाटा." तिसरा. "बटाटाच. एकाच पोत्यातले दिसतात."

मी रडकुंडीला आले. "अहो, त्याचा झगा बघा ना, मुद्दाम राखाडी घेतलाय..."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. ज्या माणसाला दिसत नाही त्याच्यासाठी मी दुकानं पालथी घालून रंग निवडले होते, आणि आकार मात्र चौघांना एकच. ही अक्कल माझी. हसावं की रडावं कळेना. हसले ते बाबाच. "राखाडी छान असेल," म्हणाले. "चल, आणखी एक संधी देतो."

मग मी घरावर धाड घातली. हाताला वेगवेगळं लागेल असं जे जे दिसलं ते उचललं. रखवालदाराला दाढी हवी, म्हणून ब्रशचे केस. न्यायाधीशाच्या झग्याला भारी बटणं. घरमालकिणीच्या कमरेला किल्ली. गाडीवानाला चामड्याचा पट्टा. यावेळी कुणीही ओळखलं असतं.

बाबांनी रखवालदाराची दाढी चाचपली आणि त्यांचा चेहरा उजळला. "ओळखलं."

सासूबाई उभ्याच राहिल्या. मी म्हणाले, "सांगा."

"हा माझा दाढीचा ब्रश आहे. सकाळपासून शोधतोय."

"तो नाही हो, तो ज्याला लावलाय तो कोण?"

"तो बटाटा." मग त्यांनी न्यायाधीश घेतला. "ही माझ्या कोटाची बटणं. ही कपाटाची किल्ली. आणि हा..." गाडीवानाचा पट्टा त्यांनी नाकाशी नेला, "हा ह्याच्या घड्याळाचा."

"माझ्या घड्याळाचा?" नवरा ओरडला. त्याने मनगट बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

बाबांनी घरातली प्रत्येक वस्तू बिनचूक ओळखली होती. फक्त पात्र एकही नाही. पण मी माघार घेणारी नव्हे. म्हटलं, "ही रंगीत तालीम होती. खरी परीक्षा रविवारी."

रविवारी सगळे पुन्हा जमले. बाबा खुर्चीत. त्यांच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला नवरा. दोघंही जरा जास्तच जवळ सरकून बसले होते, पण मला काही शंका आली नाही. मी पहिली बाहुली दिली. बाबांनी बोटं फिरवली. सासूबाई खोकल्या. नवऱ्याने बाबांच्या गुडघ्याला गुडघा लावला. बाबांच्या कपाळावर आठी आली. दुसरी दिली. सासूबाई दोनदा खोकल्या. मी म्हणाले, "आई, औषध आणू का?" तेवढ्यात नवऱ्याने पुन्हा गुडघा मारला.

बाबांनी बाहुली टेबलावर ठेवली. "दोन खोकले म्हणतात यादीतली दुसरी, घरमालकीण. गुडघा एकदाच, तो म्हणतो पहिला, रखवालदार. तुम्ही दोघं आधी आपसात ठरवा."

सासूबाई आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनी एकमेकांना न सांगता फोडायची ठरवली होती परीक्षा.

"माझे डोळे गेलेत," बाबा म्हणाले. आवाज वाढवला नाही त्यांनी, म्हणून जास्त लागलं. "बाकी मी आहे तसाच आहे. मला असं पास करू नका."

ते उठले आणि भिंत चाचपत खोलीत गेले. सासूबाईंना रडू फुटलं. नवरा म्हणाला, "सोड आता. पाटी काढायला सांग त्यांना."

सोडायची? मी दोन कप चहा केला आणि बाबांच्या खोलीत जाऊन बसले.

"पैज हरलीस," ते म्हणाले.

"हरले. आता पैज नाही. नुसतं सांगा मला, रखवालदार हाताला कसा लागला पाहिजे?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. मला वाटलं जा म्हणतील. "तू ती कादंबरी वाचली आहेस ना? मग तो सरळ कसा काय उभा आहे? रोज तेलाचा डबा एकाच खांद्यावर घेऊन तो जिना चढतो. त्याचा डावा खांदा खाली आलेला असणार. आणि मान वर, कायम दिव्याकडे. तुझा रखवालदार रांगेत उभा राहिल्यासारखा आहे."

"थांबा, कात्री आणते."

मग बाबा सांगत होते आणि मी कापत होते. दर थोड्या वेळाने ते हात पुढे करायचे, चाचपायचे, "अजून खाली" म्हणायचे. मला म्हणाले, "डोळे मिटून शीव, मग कळेल तुला." मी खरंच डोळे मिटले. पहिल्या टाक्याला सुई बोटात गेली. दुसऱ्या टाक्यालाही गेली. बाबांना माझं "आई गं" ऐकून फार मजा येत होती. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. असं आमचं रोज सुरू झालं. घरमालकीण, न्यायाधीश, गाडीवान तयार होऊन झाडावर गेले. रखवालदार मात्र बाबांना पसंतच पडेना. कधी खांदा चुकायचा, कधी मान.

झाडाची संध्याकाळ आली. मी स्वेटर घालून, निघायच्या तयारीत, रखवालदार मांडीवर घेऊन डोळे मिटून शेवटचे टाके घालत होते. सवयच लागली होती. मानेला जरा जोर हवा म्हणून दोरा दुहेरी घेतला, घट्ट ओढला, गाठ मारली आणि उठले. रखवालदार माझ्याबरोबर उठला. मी त्याला माझ्या स्वेटरच्या बाहीला शिवला होता, मनगटापाशी, पायापासून पाठीपर्यंत.

"कात्री कुठंय?" मी ओरडले. सासूबाई स्वयंपाकघरात शोधायला लागल्या, नवरा कपाटात. स्वेटर काढावा म्हटलं तर आत घरात घालायचा जुना सदरा, आणि हॉलमध्ये एव्हाना माणसं जमली असतील. मी हात झटकत खोलीभर फिरत होते.

"काय चाललंय?" बाबा दारात येऊन उभे होते. "इकडे ये. दाखव."

मी हात पुढे केला. त्यांची बोटं बाहीवरून सरकत रखवालदारावर आली. उतरलेल्या खांद्यावर थांबली. मग मानेवर. बराच वेळ तिथंच राहिली.

"आला," ते म्हणाले. "हा तोच आहे. दिवा लावून खाली उतरलाय." आणि लगेच म्हणाले, "माझे बूट कुठे आहेत?"

सासूबाईंच्या हातातून कात्री पडली. त्यांना ती नुकतीच सापडली होती.

"पण बाबा, पैज तर मी हरले होते," मी म्हणाले. मला गप्प बसायचं कळतच नाही.

"तू हरलीस. मी कुठे हरलोय? चल, उशीर होतोय. आणि ते कापू नकोस."

आम्ही निघालो. बाबांनी माझा हात धरला नाही. त्यांनी रखवालदार धरला. रखवालदार माझ्या बाहीला होता, त्याला माझा काय इलाज! जिना उतरलो, रस्ता ओलांडला, ग्रंथालयाच्या पायऱ्या चढलो. वाटेत भेटणाऱ्याला बाबा ताठ मानेने सांगत होते, "ह्याला झाडापर्यंत सोडायला चाललोय."

हॉल भरलेला होता. बाबा बोलायला लागले आणि पहिल्या वाक्याला सगळे गप्प झाले. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांचा रुमाल शेवटपर्यंत डोळ्यांना होता. माझं काय झालं ते मात्र विचारू नका. बाबा रखवालदाराला हातात घेऊन गोष्ट सांगत होते, म्हणजे मलाही. तो जिना चढला की माझा हात वर. वादळात तो कठड्यावरून वाकला की मी खुर्चीवर पालथी. जहाज खडकाकडे आलं तेव्हा त्याने इतक्या जोरात हात हलवले की माझा चष्मा उडून झाडात अडकला. लोकांना वाटलं आम्ही बसवलंय. ग्रंथपालबाई नंतर म्हणाल्या, "तुमचं काम फारच नैसर्गिक होतं."

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तर बाबा बूट घालून दारात. "चल. स्वेटर घातलास ना?" त्या दिवसापासून ते रोज येतात. माझ्या टेबलासमोर बसतात, कुणी पुस्तक घेतलं की त्याला आधी ते का वाचायचं ते सांगतात, आणि मी चुकीचं पुस्तक दिलं की साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगतात. मला तो स्वेटर धुवायलाही उसंत मिळत नाही.

परवा मात्र गंमत झाली. ग्रंथालयाच्या फाटकातून आत शिरलो आणि माझी बाही एकदम हलकी झाली. बघते तर रखवालदार सुटून बाबांच्या हातात गेलेला. जाताना बाहीची लोकरही घेऊन गेला होता. बाबांना पत्ता नाही. ते तसेच सरळ वाटेने पुढे चाललेले, आणि आमच्या दोघांमध्ये लोकरीचा धागा, लांब होत जाणारा.

दोन पावलं टाकली असती तर मी त्यांना गाठलं असतं. हाक मारायला तोंडही उघडलं होतं. पण त्यांनी पायऱ्या पायाने चाचपल्या, एकेक चढले, दार ढकललं आणि आत गेले. एकटे. मी फाटकाशीच उभी राहिले आणि धागा तुटू नये म्हणून हात पुढे करून लोकर सोडत राहिले.

आतून आवाज आला, "अगं, मागे का रेंगाळतेस?"

मी आत गेले तेव्हा बाही कोपराच्या वर आली होती. स्वेटर सासूबाईंनी हाताने विणलेला आहे. त्यांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही, त्यामुळे सध्या मी घरात शाल पांघरून वावरते आणि थंडी फार वाढलीय म्हणते.