कढीलिंबाची बदली

माझं एक तत्त्व आहे. छापलेलं असेल तर ते होतं. छत्तीस वर्षं मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायली हलवल्या आणि नियमपुस्तकात बघून केलेल्या कामाबद्दल मला एकदाही कोणी जाब विचारला नाही. त्यामुळे निवृत्ती जवळ आल्यावर बाकीचे लोक गांगरतात तसा मी गांगरलो नाही. मी सरळ पुस्तकं घेतली!

दिल्लीच्या आमच्या मंडळात डिसेंबरात पुण्याच्या एका प्रकाशकानं प्रदर्शन लावलं होतं. तिथे तीन उपयुक्त पुस्तकांचा संच होता. एक कुटुंबासाठी, एक बागप्रेमींसाठी आणि एक भावी निवृत्तांसाठी. विकणाऱ्या मुलीनं विचारलं, "काका, तिन्ही घेताय?"

"मला कुटुंब आहे, बाग आहे आणि एकतीस तारखेला मी निवृत्त होतोय. यातलं कुठलं ठेवून जाऊ?"

तिनं तिन्ही पिशवीत भरून दिली.

निवृत्तांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं की पहिल्या सहा महिन्यांत घरातला एकच प्रकल्प हाती घ्यावा आणि तो तडीस न्यावा. माझा प्रकल्प तयारच होता. आर. के. पुरमचं आमचं सरकारी क्वार्टर तीस जूनला सोडायचं होतं. नोएडात चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन ठेवलेला. सामानाचं काही नव्हतं हो. प्रश्न होता कढीलिंबाचा.

हा कढीलिंब क्वार्टरच्या मागच्या अंगणात चोवीस वर्षं उभा होता. माझ्या बायकोनं, सरलानं, तो वीतभर असताना सांगलीहून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आणला होता, पूर्ण प्रवास मांडीवर धरून. नंतर तिची आई गेली, भावानं घर विकलं आणि माहेरचं म्हणावं असं तेवढं झाडच उरलं. दिल्लीच्या थंडीत ते दरवर्षी झडून खराटा व्हायचं आणि होळीला पुन्हा फुटायचं. मुळांतून पिल्लं निघायची, ती सरला काढून कॉलनीभर वाटायची. कोणाची बदली झाली की मिठाई मिळो न मिळो, कढीलिंबाचं पिल्लू मिळायचंच.

तर सरलानं मला जानेवारीतच सांगून टाकलं होतं. "नोएडाला येईन. पण माझं झाड येणार असेल तर."

"आणतो," मी म्हणालो. "माझ्यावर सोड."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

फेब्रुवारीत विष्णू आला. विष्णू आमच्या कॉलनीचा माळी, वीस वर्षांचा परिचय. झाडाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "साहब, होली से पहले निकाल लो. अभी सोया हुआ है, पता भी नहीं चलेगा."

मी बागेचं पुस्तक उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: मोठं झाड हलवायचं तर मृग नक्षत्र लागताच हलवावं, हवेत गारवा असतो, मुळं लगेच धरतात. मी विष्णूला हिंदीत समजावून सांगितलं. तो म्हणाला, "जून में? साहब, जून में तो आदमी नहीं बचता."

"किताब में लिखा है."

"किताब किधर की है?"

"पुणे की."

विष्णूनं नुसती मान हलवली आणि खुरपं घेऊन शेजारच्यांच्या कुंड्यांकडे गेला.

कुटुंबाच्या पुस्तकात असं होतं की मोठे निर्णय सभेत घ्यावेत, म्हणून मी सभा घेतली. सरला समोर, आमची मुलगी इशिता गुरुग्रामहून व्हिडिओवर. मी इतिवृत्तही लिहिलं. इशिता दिल्लीत वाढलेली, त्यामुळे मध्येच अडली.

"बाबा, एक मिनिट. मृग म्हणजे?"

"नक्षत्र गं. सात जूनच्या सुमारास लागतं. मग पाऊस येतो."

"दिल्लीत लागतं का ते?"

"नक्षत्र आहे ते, मेट्रो नाही. सगळीकडे लागतं."

"ओके. पण बाबा, जूनमध्ये इथे पाऊस कुठे असतो यार?"

हा मुद्दा मी इतिवृत्तात घेतला नाही. शेवटी मंजुरीसाठी कागद सरलापुढे ठेवला. तिनं त्यावर लिहिलं, "बघू." छत्तीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो, याला सरकारात होकारच धरतात.

जून उजाडला. पुस्तकात होतं की हलवण्याआधी झाडाची दोन तृतीयांश पानं काढावीत, म्हणजे झाडावर ताण येत नाही. एवढी पानं वाया कशी घालवायची? मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, "शनिवारी सकाळी ज्यांना हवा त्यांनी येऊन कढीलिंब न्यावा." मला वाटलं, चारसहा जण येतील.

सकाळी साडेसहाला दीनानाथ आला, माझा ऑफिसातला जुना मित्र. हातात उशीचा अभ्रा होता. त्याच्यामागून अख्खी कॉलनी. तमिळ मंडळी तर घरटी दोघं आली होती. पिशव्या, डबे, एका बाईंकडे बादली. मी "दोन तृतीयांश, फक्त दोन तृतीयांश" असं ओरडत होतो, पण प्रत्येकानं आपापला दोन तृतीयांश काढला. साडेआठला मागच्या ब्लॉकमधल्या कुसुमावतीबाई उशिरानं आल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. झाडाकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, कीड लागली का हो याला?"

सरला पदर खोचून आत गेली.

रविवारी मृग लागला. सकाळी नऊलाच चव्वेचाळीस डिग्री. बाहेर पाऊल टाकलं तर तोंडावर तव्याची वाफ यावी तशी लू येत होती. सरला म्हणाली, "अहो, पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि खिडकीतून बघा."

"दुपारून आभाळ येईल," मी म्हणालो. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

विष्णूनं खणलं. तीन तास. मुळांचा गोळा ओल्या गोणपाटात बांधला, त्यावरून सरलाची जुनी सुती साडी गुंडाळली आणि आम्ही ते झाड टेम्पोत आडवं घातलं. मी ड्रायव्हरशेजारी, विष्णू मागे झाडाला धरून. निघताना सरला दारात उभी होती. तिनं झाडाला हात लावला आणि मग मला म्हणाली, "पोचलात की फोन करा." हे कोणासाठी होतं ते मी विचारलं नाही.

नोएडाच्या सोसायटीच्या गेटवर गार्डनं टेम्पो अडवला.

"ये क्या है अंकल?"

"पेड़ है. चौदहवीं मंज़िल."

"ऐप पर एंट्री करनी पड़ेगी. डिलिवरी, गेस्ट, कैब या मेड?"

"पेड़."

"पेड़ का ऑप्शन नहीं है."

शेवटी गेस्ट ठरलं. गार्डनं नाव विचारलं, मी कढीलिंब सांगितलं, त्यानं 'करीम' लिहिलं. झाडासमोर मोबाइल धरून फोटो काढला, तोही नियम होता. मग म्हणाला, फ्लॅटमधून अप्रूवल आल्याशिवाय आत सोडता येणार नाही. फ्लॅटमालक मीच. माझ्याच खिशातला फोन वाजला, 'करीम आपसे मिलने आए हैं,' आणि मी टेम्पोत बसल्या बसल्या आलेल्या पाहुण्याला परवानगी दिली.

इथवर सगळं बरं म्हणायचं. सामानाच्या लिफ्टपाशी पोचलो तर तिच्यावर पाटी: दोन ते चार बंद. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. लोकांच्या लिफ्टमध्ये झाड न्यायला सोसायटीची मनाई. बेसमेंटमध्ये गाड्या लागतात म्हणून तिथेही नाही. तर चोवीस वर्षांचा सांगलीचा कढीलिंब दोन तास सिमेंटच्या रँपवर भर उन्हात पडून राहिला. मी छत्री धरून उभा होतो. विष्णू बाटलीनं गोणपाटावर पाणी शिंपडत होता, ते पाणी खाली ठिबकायच्या आत सुकत होतं. आभाळात एक ढग नव्हता. चारच्या सुमारास विष्णू म्हणाला, "साहब, पुणे में बारिश हो रही होगी."

पुढचं लांबवत नाही. झाड बाल्कनीत मोठ्या ड्रममध्ये लावलं. त्याच आठवड्यात आम्हीही राहायला आलो. बागेच्या पुस्तकात होतं की झाड जिवंत आहे का हे बघायला साल नखानं किंचित खरवडावी, आत हिरवं दिसलं तर आशा आहे. मी रोज सकाळी खरवडून बघायचो. इशिता शनिवारी यायची, ती खरवडायची. लिफ्टमध्ये ओळख झालेले एक शेजारीही येऊन खरवडून गेले. दहा दिवसांनी त्या बिचाऱ्या झाडावर साल अशी राहिलीच नाही. आत सगळीकडे तपकिरी.

त्या दिवशी जेवताना आमटीचा पहिला घास घेतला आणि हात थांबला. फोडणीत कढीलिंब नव्हता. थंडीत झाड झडायचं तेव्हाही वाळवून ठेवलेली पानं असायची. चोवीस वर्षांत हे पहिल्यांदा. सरला खाली मान घालून जेवत होती. मला म्हणाली, "मीठ कमी झालंय का?"

"नाही," मी म्हणालो. आणि मग सरकारी नोकरीत कधी उच्चारला नव्हता तो शब्द तोंडातून निघाला. "सरला, मी चुकलो. विष्णू सांगत होता, तू सांगत होतीस. तुझ्या आईचं झाड मी मारलं."

ती म्हणाली, "छत्तीस वर्षं दिल्लीत राहताय आणि हवामान अजून पुण्याचं वापरताय." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. डोळे पुसून तिनं मला आणखी आमटी वाढली.

इशिताला हे कळलं. तिनं आपल्या मनानंच कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, "आईचं कढीलिंबाचं झाड गेलं. बाबा खूप सॅड आहेत." मला माहीत असतं तर मी ते काढायला लावलं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी माझा फोन वाजला. गेस्ट आहे, अप्रूव करा. दीनानाथ. आर. के. पुरमहून एवढ्या लांब कशाला आला असं म्हणत मी दार उघडलं, तर त्याच्या कडेवर कुंडी. कुंडीत गुडघाभर कढीलिंब.

"वहिनी, हे तुमचंच," तो म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वी दिलं होतंत. आणि त्या दिवशी मी अभ्रा जरा जास्तच भरला, ते मनाला लागून राहिलंय."

तो बसतोय तोवर फोन पुन्हा वाजला. मग पुन्हा. तमिळ मंडळी दोन कुंड्या घेऊन आली. बादलीवाल्या बाई त्याच बादलीत झाड लावून आल्या. गार्डनं वैतागून मला फोनच केला, "अंकल, आज आपके यहाँ नर्सरी खुल रही है क्या?" कुसुमावतीबाई मेट्रोनं आल्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तळाला भोक पडलेला जुना कुकर आणि त्यात कढीलिंब. ऐंशी वर्षांची बाई हो! मी म्हटलं, "अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"माझे हे गेले तेव्हा तेरा दिवस सरला डबा देत होती," त्या म्हणाल्या. "धरा. जड आहे."

मला भरून आलं. मी कुकर धरून तसाच उभा राहिलो. सतरा कुंड्या झाल्या, सगळ्या सांगलीच्या. सरला एकीकडून दुसरीकडे जात होती, प्रत्येक झाडाचं पान चुरगाळून वास घेत होती आणि सगळ्यांना पोहे देत होती. पोह्यांत अर्थातच कढीलिंब होता.

सगळ्यात शेवटी विष्णू आला, रिकाम्या हातानं. सरलापुढे त्यानं मोबाइल धरला. फोटोत आमचं जुनं अंगण, तो खड्डा आणि खड्ड्याच्या कडेला दोन हिरवे कोंब.

"रोज़ पानी डाल रहा था, मेमसाहब. जड़ तो वहीं रह गई थी. हमने पूरा निकाला ही कहाँ था."

सरला फोटोकडे बघत राहिली. मग रडली आणि रडता रडता हसायला लागली. मी विष्णूपुढे हात जोडले. "अभी ले आएँ?" मी विचारलं.

"नहीं साहब," तो घाईघाईनं म्हणाला. "सावन में. मैं लाऊँगा. आप मत आना."

संध्याकाळी सगळे गेल्यावर कुंड्या लावायला घेतल्या. आमच्या बाल्कनीला पाण्यासाठी उतार दिलाय, त्यामुळे कुसुमावतीबाईंचा कुकर डुगडुगत होता. मी म्हटलं, "थांब, यावर काहीतरी असेल," आणि बागेचं पुस्तक आणलं. सरलानं ते माझ्या हातातून घेतलं, जाडी बोटांनी मोजली आणि कुकरखाली सरकवलं. कुकर जागच्या जागी बसला.

पुस्तक उपयुक्त आहे हे मी डिसेंबरापासून सांगतोय. अजून दोन कुंड्या डुगडुगतात आणि सरला आता निवृत्तांच्या पुस्तकाकडे बघते आहे.