दीड बोट खाली

परुळेकरकाका कोणालाही भेटले की आधी त्याच्या गाडीच्या टायरला अंगठा लावून बघतात आणि मग हात पुढे करतात. त्यामुळे त्यांच्याशी हात मिळवणाऱ्याला घरी जाऊन साबण शोधावा लागतो. कुवेतमध्ये, मंगफमधल्या आमच्या इमारतीत हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. पण नवा हारिस आला तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. एक पिकल्या केसांचा गृहस्थ सकाळी सकाळी प्रत्येक गाडीजवळ उकिडवा बसतोय हे बघून त्याने काकांची कॉलर धरली. काकांनी शांतपणे त्याला शेजारच्या गाडीचा मागचा टायर दाखवला. त्याच्या कडेतून तारा बाहेर आल्या होत्या. तेव्हापासून हारिस त्यांना ‘मोहंदिस’ म्हणतो. मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. माझ्या ओळखपत्रावर नावाखाली बरंच काही छापलेलं असूनही मला तो काहीच म्हणत नाही.

मी एका कंत्राटदार कंपनीत हिशेब बघतो. पुण्याहून इथे आल्यावर हौसेने एक जुनी गाडी घेतली आणि ती धुऊनपुसून काकांना दाखवायला नेली. त्यांनी टायर दाबला, चष्मा कपाळावर सरकवून त्याच्यावरचे आकडे वाचले आणि म्हणाले, “पाटणकर, हे टायर निवृत्तीला आलेत रे. तू बरा आहेस ना?”

“आधी पाय बघ” हे त्यांचं सगळ्या जगाला सांगणं. टेबल घेताना पाय बघ, पंखा घेताना त्याचा स्टँड बघ. त्यांच्या भाचीला स्थळ आलं तेव्हा सगळे मुलाचा पगार विचारत होते आणि हे मुलाच्या बुटांचे तळवे बघत होते. “एकाच बाजूने झिजलेत. तिरका चालतो,” एवढंच म्हणाले. लग्न झालं, आणि तो जावई अजूनही काकांसमोर बुटांऐवजी चपला घालून येतो.

अशा माणसाने मोटरहोम विकत घेतली.

देश सोडून चाललेल्या कुणा गोऱ्या साहेबाची ती गाडी. आत झोपायला जागा, शेगडी, बेसिन आणि कपाटाएवढं न्हाणीघर. इथे हिवाळ्यात लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात. त्याला सगळे ‘बर्र’ला जाणं म्हणतात. काका आणि काकूही पूर्वी दर हिवाळ्यात जायचे. काकू तिथे वाळूत चूल मांडून घावणे करायच्या आणि शेजारच्या तंबूतल्या अनोळखी कुवेती बायका ते खाऊन काकूंच्या हातावर खजुराचं खोकं ठेवून जायच्या. मग काकूंच्या गुडघ्याने दगा दिला. जाब्रियाच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, पण पाय म्हणावा तसा वाकेना. तेव्हापासून काकू घरातच असायच्या. ही गाडी आली त्या दिवशीही त्यांनी ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतूनच पाहिली. मी विचारलं, “काकू, कशी वाटली?” तर म्हणाल्या, “वरून बरी दिसते. फ्रिज आडवा पाडून ठेवल्यासारखी.”

गाडी इमारतीमागच्या रिकाम्या वाळूच्या जागेत उभी राहिली. मी आत डोकावून “वा, काय थाट आहे!” म्हणालो. काका खाली वाकले होते. “थाट राहू दे. आधी पाय बघ.”

पाय खरोखरच वाईट होते. उन्हाने टायरांना टाचेला पडतात तशा भेगा पडल्या होत्या. बदलायलाच हवे होते. आणि मूळ मापाचा टायर कुठल्याच दुकानात नव्हता. एक माप मोठा तयार होता. एक माप लहान हवा असेल तर बाहेरून मागवावा लागणार होता.

सल्लागार म्हणून काकांनी मला निवडलं. मला फार बरं वाटलं. “मीच का?” असं मी जरा लाजून विचारलं.

“तुला गाडीतलं काही कळत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे मत बिघडलेलं नाही.”

पुढे कित्येक शुक्रवार मी त्या गाडीखाली घालवले. काम सोपं होतं. उताणं पडायचं, शिवणाच्या टेपचं एक टोक धरायचं आणि काका वरून विचारतील तो आकडा सांगायचा. एकदा मी बराच वेळ टेप उलट्या बाजूने वाचत होतो, तरी काका काही बोलले नाहीत. नंतर सगळी मापं त्यांनी स्वतः पुन्हा घेतली. माझ्या तीन विजारी ग्रीसमध्ये गेल्या. बायको म्हणाली, “ऑफिसात कधी एवढं वाकला असतात तर बढती मिळाली असती.”

मग मी अभ्यासाला लागलो. रात्रंदिवस मोबाइलवर परदेशी लोकांचे टायरविषयक वाद वाचले. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा असतो, दुसरा उंचीचा असतो, हे कळल्यावर मी ते ऑफिसात भेटेल त्याला सांगू लागलो. लोक जेवायची वेळ बदलू लागले. शेवटी मी संगणकावर एक तक्ता केला. मोठा टायर हिरव्या रंगात, लहान लाल रंगात. मोठ्या टायरचे फायदे ठळक अक्षरांत. वाळूत गाडी रुतत नाही, खालून दगड लागत नाही, रुबाब वाढतो. रुबाबाला मी वेगळी ओळ दिली होती.

काकांनी तो कागद आदराने घेतला, घडी केली आणि गाडीखाली गुडघा टेकताना वाळू टोचू नये म्हणून त्यावर टेकला.

“लहान,” ते म्हणाले. “आपल्याला लहान पाहिजे.”

शुवैखच्या गॅरेजांच्या गल्लीत महमूदभाईंचं टायरचं दुकान आहे. महमूदभाई श्रीवर्धनचे. आमचं मराठी ऐकलं की आधी चहा मागवतात आणि मग जो टायर दुकानात पडून आहे तोच कसा उत्तम हे सांगतात. मोठे टायर त्यांच्याकडे पडून होते.

“साहेब, या मुलखात लोक टायर मोठा करतात. लहान करणारा माणूस मी अजून बघितला नाय. वाळूत रुतलात तर मलाच फोन कराल ना?”

“मी वाळूच्या कडेलाच थांबणार,” काका म्हणाले.

“लहान टायर जास्त फिरतो. काटा शंभर दाखवेल आणि गाडी जाईल त्याच्याहून हळू.”

“मला कुठे शर्यत जिंकायचीय?”

महमूदभाईंनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. मी जाणकारासारखी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे मी त्यांच्यावर सोडलं. शेवटी त्यांनी आतून एक लहान टायर काढून आणला. काकांनी त्याच्या कडेचे आकडे वाचले आणि तो परत ढकलला. “हा साध्या गाडीचा. माझ्या गाडीत शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे, माणसं आहेत. माप लहान चालेल, पण वजन पूर्ण उचलणारा पाहिजे. कंपनीने दारावरच्या पट्टीवर तसं माप दिलंय, तेच मागवा.”

“वल्ला, परुळेकरसाहेब, गावाला बंगला बांधून होईल, पण तुमचे टायर यायचे नायत,” म्हणत महमूदभाईंनी ते मागवले.

हे थांबणं लांबलं. कॅनडातल्या लेकीने फोनवर बापाला सुनावलं, “बाबा, जस्ट पुट बिगर वन्स अँड गो!” इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायका माझ्या बायकोकडे काकूंच्या गुडघ्याऐवजी टायरचीच चौकशी करू लागल्या. थंडीचे दिवस सरत चालले होते. मला मनापासून वाटायला लागलं की काकांना फिरायला जायचंच नाहीये, नुसतं मोजायचंय. मी ठरवलं की त्यांना एकदा नीट समजावून सांगायचं. एवढा तक्ता केलेला माणूस मीच होतो.

त्या शुक्रवारी मी नेहमीपेक्षा लवकर खाली गेलो. काका गाडीच्या बाजूच्या दाराशी होते. त्यांनी उजव्या गुडघ्याला लाकडी फूटपट्टी लावून तिच्यावर टॉवेल घट्ट गुंडाळला होता. दाराजवळची मूठ धरून ते पायरीवर चढायचा प्रयत्न करत होते. पाय वाकत नव्हता. बोटं पायरीच्या कडेला लागत होती आणि घसरून पुन्हा वाळूत येत होती. एकदा. पुन्हा एकदा. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मला हसू आलं. “काय काका, पाय दुखावला की काय?”

ते दचकले. मग टॉवेल सोडत म्हणाले, “माझा नाही.”

 फूटपट्टी झटकून त्यांनी ती खिडकीत ठेवली.

“आपल्या इमारतीच्या दारातली पायरी तुझी काकू चढते,” ते म्हणाले. “हळू चढते, पण कोणाचा हात न धरता. ती मी मोजली. ही पायरी तिच्याहून दीड बोट उंच आहे. बाकी दोष या गाडीत काही नाही.”

“मग खाली एक पाट ठेवायचा,” मी म्हणालो. इतक्या दिवसांत मला सुचलेली ती पहिली उपयोगी गोष्ट होती.

“ठेवला होता. तिला दाखवायला लिफ्टने खाली घेऊन आलो, तेव्हा इमारतीच्या दारातूनच तो बघितलान आणि तशीच मागे फिरली. म्हणाली, लोकांसमोर पाटावरून चढायला मी काय मुंज मुलगा आहे? दोन दिवस बोलली नाही.” त्यांनी टॉवेलची घडी केली. “आता गाडीच खाली आली, तर तिला कशाला कळतंय?”

मी माझ्या समजावणीचं भाषण गिळलं. मग विचारलं, “टेप धरू का?”

“धर,” ते म्हणाले.

टायर आले. महमूदभाईंनी स्वतः उभं राहून बसवून घेतले आणि जाताना गाडीकडे बघून म्हणाले, “बसकी दिसते, साहेब.” काका इतके खूश झाले की त्यांनी महमूदभाईंना मिठी मारली. महमूदभाई माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना काही सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी काकू खाली उतरल्या. निळी साडी, हातात काठी, दुसऱ्या हातात डबा. डबा मी घेतला, काठी त्यांनी दिली नाही. वाळूतून गाडीपर्यंत यायला त्यांना वेळ लागला. काका दार उघडून मूठ पुसत होते, पुन्हा पुन्हा पुसत होते.

काकूंनी पायरीकडे पाहिलं. मग काकांकडे. मग माझ्याकडे.

“पाटणकर,” काका एकदम मोठ्याने म्हणाले, “ये इकडे. त्या बाजूचं चाक बघू.”

मी डबा आत ठेवला आणि त्यांच्यामागे गेलो. गाडीला वळसा घालून आम्ही पलीकडच्या चाकाशी उकिडवे बसलो. बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. काकांनी एक हात गाडीच्या पत्र्यावर टेकवला.  पलीकडून काठी दाराला टेकवल्याचा आवाज आला. मग मूठ करकरली. मग काही नाही. काकांनी डोळे मिटले होते. मला वाटलं उठावं, हात द्यावा, पण त्यांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

मग गाडी जराशी पलीकडे कलली आणि सावकाश सरळ झाली.

आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ काकूंचा. “अहो, चहाचं भांडं कोणी वर ठेवतं का? आणि साखर कुठाय?”

“डाव्या हाताला,” काका म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक आला की तो माझ्यापर्यंतच पोचला. त्यांनी पुन्हा मोठ्याने सांगितलं.

“सापडली,” आतून काकू म्हणाल्या. “येताय ना? पाटणकरांनाही घेऊन या.”

“आलो, आलो,” काका म्हणाले. पण चाकाजवळून उठायला त्यांना बराच वेळ लागला. मीही उठलो नाही.