कारकुनाची ताकद बारा

श्रावणातल्या सोमवारी दुपारी तीन वाजता सुमीतचा फोन आला, तेव्हा पराग जेवणाच्या टेबलावर चार फासे एका ओळीत मांडत होता.

"भिया, आम्ही चौघंही अडकलो. महाकालच्या सवारीमुळे इकडचे सगळे रस्ते बंद. पायीसुद्धा सोडत नाहीयेत पोलीस."

"अरे यार, पण ईरा मॅडम चारला येतायत!"

"तर घरच्यांना बसव ना. टेन्शन नको घेऊ," सुमीत म्हणाला. मागे झांजा आणि डमरू इतके जोरात वाजले की परागला पुढचं काही ऐकू आलं नाही.

जन्म उज्जैनचा, अडतीस वर्षं उज्जैनात काढलेली, आणि तरीही श्रावणातल्या सोमवारी जुन्या शहरातल्या चार मित्रांना नानाखेड्यातल्या आपल्या घरी चार वाजता बोलावणं, याला वेगळीच बुद्धी लागते. ती परागकडे भरपूर होती. तो माधव नगरच्या एका बँकेत कर्जविभाग सांभाळत असे आणि उरलेल्या वेळात खेळ बनवत असे. चार वर्षांचे सगळे रविवार त्याने 'माळव्याची मोहीम' या एकाच खेळावर घातले होते. खेळ तसा सोपा. पराग गोष्ट सांगणार, चार खेळाडूंनी एकेक पात्र घ्यायचं, आपलं पात्र काय करतंय ते बोलायचं, आणि ते जमलं की नाही हे फाशाने ठरवायचं. पात्रं चार: शिलेदार, वैद्य, मांत्रिक आणि कारकून.

कारकून हा तिथे केवळ चौथी खुर्ची रिकामी राहू नये म्हणून होता. चार वर्षांत तो कोणीही आपणहून घेतला नव्हता; ज्याच्यावर यायचा तो एक कागद काढून मोकळा व्हायचा.

परागचा जीव अडकला होता तो संतुलनात. एक पात्र भारी आणि दुसरं हलकं असं होता कामा नये. म्हणून शिलेदाराचा वार बारा गुणांचा, वैद्याचा काढा बारा, मांत्रिकाचा मंत्र बारा. कारकून एका कागदाने शत्रूला एक फेरी थांबवतो, त्याचीही किंमत परागने तीन महिने आकडेमोड करून बाराच आणली होती. पुण्याच्या खेळ काढणाऱ्या कंपनीतल्या ईराने ते तक्ते पाहून कळवलं होतं, 'संतुलन छान आहे. पण खेळताना मी माळव्यात आहे असं वाटेल का?' यावर परागने बावीस पानांचं उत्तर पाठवलं होतं. त्यात अजून एकोणीस तक्ते होते. ईरा आईला घेऊन महाकालच्या दर्शनाला आली होती. दर्शन आदल्या दिवशीच झालं होतं; आईला नानाखेड्यातल्याच हॉटेलात ठेवून ती जाता जाता दीड तास देणार होती. साडेपाचला तिची टॅक्सी इंदूरला निघणार होती.

"श्रुती!" परागने स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली. "तू मांत्रिक होशील का?"

"आधी मॅडमसाठी सेव-परमलचा चिवडा करते, मग होते," बायको म्हणाली. "पण आज हे शेवटचं हं पराग. मॅडम नाही म्हणाल्या, तर हे टेबल मला परत हवंय. चार वर्षं आपण मांडीवर ताटं घेऊन जेवतोय."

वडील भय्यासाहेब दुपारची झोप मोडल्यामुळे रुसून बसले होते, पण कंपनीतून बाई येणार म्हटल्यावर इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांची बहीण जयूआत्या श्रावणाची फराळी मिसळ द्यायला म्हणून आली होती, ती पकडली गेली. चौथे शेजारचे दिलीपकाका. काका सरकारी खात्यात चौतीस वर्षं बाबूगिरी करून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांना कोणी कुठेच बोलावलं नव्हतं. ते पेन खिशाला लावून आले.

ईरा बरोबर चारला आली. तिशीतली, शांत मुलगी. कोपऱ्यात बसून म्हणाली, "तुम्ही खेळा. मी नुसती बघते."

चिठ्ठ्या टाकल्या. जयूआत्या शिलेदार, भय्यासाहेब वैद्य, श्रुती मांत्रिक, दिलीपकाका कारकून.

"एक मिनिट," भय्यासाहेब म्हणाले. "आपलं सरदारांकडचं घराणं. दरबारात मानाने उभे राहणारे लोक आपण. मी वैद्य आणि ही शिलेदार?"

"दरबारात उभे राहायचे ते मशाली धरून," जयूआत्या म्हणाली. "दिवाबत्तीचं खातं होतं आपल्याकडे, भय्या. तेलाचा हिशोब कमी पडला म्हणून पणजोबांना काढलं होतं."

परागने घाईघाईने गोष्ट सुरू केली. गावाच्या बावडीत राक्षस उतरून बसलाय. त्याने पाणी अडवलंय. चौघे बावडीपाशी पोचलेत. राक्षस गुरगुरतो आणि झेप घेऊन शिलेदाराला पंजा मारतो.

"आत्या, तुझे बारा गेले. आता तू वार कर. घोड्यावरून उडी मारायचीय तुला."

"मी नाही उडी मारणार. माझे गुडघे गेलेत."

"तुझे नाही ग, पात्राचे गुडघे!"

"पात्राचं वय काय?"

"पंचवीस."

"मग त्याला अजून कळत नाहीये. मी हळू उतरते. कोणीतरी हात द्या."

पराग कसनुसं हसला आणि वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्ही तिला काढा द्या. बारा परत मिळतील."

"लगेच?" भय्यासाहेबांनी खरोखरच बहिणीचं मनगट धरून नाडी बघायला घेतली होती. "राक्षसाचा पंजा लागलाय तिला. काढा तीन आठवडे घ्यावा लागेल. दही बंद. आणि दुपारची झोप पाहिजे."

"बाबा, असं केलं तर संतुलन बिघडतं!"

"संतुलन वात, पित्त आणि कफाचं असतं. तुझं कसलं?"

ईराने सेव-परमलची बशी जवळ ओढली. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. आता मंत्रच काय तो अब्रू वाचवणार होता.

"श्रुती, मंत्र म्हण! राक्षसाचे बारा कमी होतील."

"बाराच? गायब नाही होणार तो?"

"नाही. शिलेदाराचा वार बारा, म्हणून तुझा मंत्रही बारा."

श्रुतीने हातातला झारा खाली ठेवला. "म्हणजे मी बारा वर्षं जंगलात उपाशी राहून मंत्र शिकले आणि त्याने होणार तलवारीएवढंच? मग तलवारच नसती का घेतली? मांत्रिक म्हणायचं तरी कशाला?"

चार वर्षांत हा प्रश्न परागला कोणी विचारला नव्हता, कारण त्याचे चारही मित्र त्याच्यासारखेच होते. तो काही बोलणार तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून खाकरण्याचा आवाज आला.

"बावडी कुणाच्या हद्दीत येते?" दिलीपकाकांनी विचारलं.

"काय?"

"गावाच्या की सरदारांच्या? राक्षसाकडे ताबापत्र आहे?"

"काका, राक्षस आहे तो!"

"असेल. पण कब्जा अवैध दिसतोय. मी नोटीस काढतो." काकांनी खिशातून पेन काढलं आणि परागच्या कोऱ्या कागदावर सुंदर वळणात लिहायला सुरुवात केली. "खुलासा येईपर्यंत जागेवरून हलू नये."

"फासा टाका आधी."

"नोटीस काढायला नशीब कशाला लागतं, बेटा?"

परागने नियमांची वही उघडली. कारकून बिचारा फारच दुबळा वाटतो, म्हणून त्याच्या कागदाला फाशाची अट नाही. हे वाक्य दोन वर्षांपूर्वी त्यानेच लिहिलं होतं, तेही दयेपोटी. म्हणजे राक्षस एक फेरी थांबला. पुढच्या फेरीला काकांनी स्मरणपत्र काढलं. त्याच्या पुढच्या फेरीला दुसरं स्मरणपत्र. राक्षस होता तिथेच.

"चला, मग आता तरी मारा त्याला!" पराग म्हणाला. "आत्या, वार!"

"थांबा," काका म्हणाले. "प्रकरण विचाराधीन असताना वार? शिलेदाराकडे शस्त्राचं लायसन आहे? वैद्यांचं रजिस्ट्रेशन? मांत्रिकबाई, जंगलातली बारा वर्षं, त्याचं प्रमाणपत्र?" आणि त्यांनी प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक कागद सरकवला.

"एका फेरीत इतके कागद नाही चालणार!"

"कुठे लिहिलंय?"

पराग पानं उलटत राहिला. कुठेच लिहिलं नव्हतं. कारकून एका फेरीत एकाहून जास्त कागद काढेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पाच वाजून दहा मिनिटं झाली. माळव्याच्या मोहिमेत एक राक्षस आणि तीन वीर बावडीच्या काठावर हातात कागद धरून बसले होते. गाव तहानलेलं होतं. तक्त्यांमध्ये सर्वांची ताकद अजूनही बाराच होती. भय्यासाहेब काकांना समजावत होते की आपले वरच्या साहेबांशी घरचे संबंध आहेत. जयूआत्या विचारत होती की ज्येष्ठांची वेगळी रांग आहे का.

परागचा बांध फुटला. "हे बघा, मी राक्षस आहे! मी एका फुंकरीत गाव जाळतो. मला कसली नोटीस?"

"आवाज खाली," काका वर न बघता म्हणाले. "खुलासा आणलाय?"

"पाचशे वर्षं राहतोय मी त्या बावडीत!"

"रहिवासाचा पुरावा?"

"माझ्या आजोबांची हाडं आहेत तिथे!"

"मग वारसा-नोंद झाली असेल. बघू."

"ती... ती नाही केली कधी."

"अरेरे," काका मनापासून हळहळले. "मग मी तरी काय करणार?"

पराग खुर्चीवरून उठला होता. तो कधी वाकला आणि त्याने टेबलावर दोन्ही हात कधी टेकले, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "बाबूजी, काहीतरी बघा ना. तीन पोरं आहेत मला. इतक्या खोल तळातून वर आलो. आवेदन कुणाच्या नावे लिहू? किती प्रती लागतील?"

"तीन. पण आज आता वेळ संपली."

"असं नका करू हो," राक्षस म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच कापला.

मग कोपऱ्यातून टाळ्या वाजल्या. ईरा उभी राहिली होती आणि डोळे पुसत होती. परागला एकदम आपण कुठे आहोत ते आठवलं. त्याने चटकन पाठ सरळ केली. "मॅडम, सॉरी. संतुलन पार बिघडलं. कारकुनाला एका फेरीत एकच कागद असा नियम घालतो. आठवड्यात तक्ता पाठवतो."

"अजिबात नाही," ईरा म्हणाली. "शिलेदार, वैद्य, मांत्रिक काढून टाका. चारही खेळाडू राक्षस. पलीकडे एक कारकून. हा खेळ मी घेते."

परागने टेबलावरचे फासे मुठीत गोळा केले. "चौघेही एकच पात्र? मग संतुलनाचं काय?"

"सगळे सारखेच हतबल," ईरा पर्स उचलत म्हणाली. "याहून जास्त संतुलन काय असतं?" दारात तिने दिलीपकाकांना वाकून नमस्कार केला आणि टॅक्सी गाठली.

परागला त्या दिवशी हसावं की रडावं कळेना. तक्ते फुकट गेले म्हणून तो दोन दिवस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी टेबलापाशी बसून जेवला. दिवाळीत खेळ बाजारात आला. आता दर रविवारी सकाळी पोह्यांनंतर कॉलनीतली मंडळी राक्षस व्हायला दिलीपकाकांच्या ओट्यावर जमतात. भय्यासाहेब दोनदा जिंकले आहेत. कसे, ते काका सांगत नाहीत. श्रुती एकदा जिंकली, कारण ती काकांसाठी घरून चहा घेऊन गेली होती. परागला मात्र नियम तोंडपाठ असूनही अजून यश नाही. मागच्या रविवारी तो पहिल्यांदाच खेळातल्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या खिडकीपर्यंत पोचला, सगळे कागद तीन प्रतींत, सगळ्या सह्या जागच्या जागी. काकांनी ते नीट तपासले, मान डोलावली, शाबासकी दिली, आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.