सॅव्हियो कॅनडाला दोनदा गेला

सॅव्हियोला कॅनडाचं पत्र आलं त्या संध्याकाळीच व्हेराबाईंनी चणे भिजत घातले. भाईंदरजवळच्या डोंगरी गावात चणे भिजले की कोणाला वेगळं आमंत्रण लागत नाही. घरातलं कोणी गल्फला निघालं किंवा बोटीवर नोकरीला लागलं, की आदल्या संध्याकाळी क्रूसाजवळ मेणबत्त्या लावून लितानीची प्रार्थना म्हणायची, उकडलेले चणे वाटायचे आणि जाणाऱ्याला निरोप द्यायचा, ही तिथली जुनी रीत आहे.

"आई, हे जायचं पत्र नाही," सॅव्हियो म्हणाला.

"मग कसलं हाय?"

"नॉमिनेशनचं."

सॅव्हियो भाईंदरच्या एका बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळायचा. कॅनडातल्या एका समुद्रकाठच्या प्रांताला मासळीच्या शीतगृहांसाठी असे मेकॅनिक हवे होते. कुशल कामगारांना कायमचं वसवून घेण्याची त्यांची योजना होती आणि सॅव्हियो तिच्यामागे कित्येक वर्षं लागला होता. आता कुठे त्या प्रांताने त्याची शिफारस केली होती. यापुढे मुख्य अर्ज, मेडिकल आणि पोलिसांचा दाखला, आणि तेही सगळं मुदतीच्या आत. मुदत चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि चाळिशी ओलांडली की वयाचे गुण कमी होतात. सॅव्हियो एकोणचाळीस वर्षांचा होता, म्हणजे ही शेवटचीच संधी.

व्हेराबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांचे यजमान कुवेतला गेले तेव्हा पत्र आल्यावर आठवड्याच्या आत विमानात बसले होते. पत्र आलेला माणूस घरीच राहतो, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

"कागदावर अभिनंदन लिवलंय का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"लिहिलंय."

"मग झालं तर."

बाजारात तुरी, असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. पण चणे भिजले होते, आणि भिजलेले चणे काही परत कोरडे होत नाहीत.

लितानी शेजारच्या मॅक्सवेलने म्हटली. गावातली प्रार्थना बरीच वर्षं त्याच्याकडेच होती. माणूस शब्दाला इतका पक्का, की स्वतःच्या जाळ्यात किती मासळी आली हेही वाढवून सांगत नसे. शेवटी तो चार शब्द बोलला. "आपल्यातला एक माणूस आज आपल्याला सोडून चाललाय," असं त्याने ज्या आवाजात सुरू केलं, तो आवाज त्याच्याकडे फक्त मयतीसाठी राखलेला होता. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. खुद्द सॅव्हियोलाही भरून आलं, आणि मला अजून जायचं नाहीये हे सांगायचं राहून गेलं. घरोघरच्या बॉटल मसाल्याच्या बाटल्या आल्या, सुके बोंबील आले. मॅक्सवेलने बोटीवरच्या दिवसांतला आपला जाडजूड लोकरी स्वेटर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॅव्हियो डबा घेऊन कामावर निघाला.

पहिले काही दिवस लोकांनी समजून घेतलं. विमानाचं काही खरं नसतं. मग पाववाला विचारू लागला, मग चर्चबाहेर बायका विचारू लागल्या. कोणी टोचून बोललं नाही. पण सगळ्यांचा मसाला घेऊन, सगळ्यांना रडवून माणूस रोज संध्याकाळी घरी परत येतो, हे बरं दिसत नाही. व्हेराबाई खाली मान घालून चालू लागल्या. एका रविवारी त्या सॅव्हियोला म्हणाल्या, "थोडे दिवस मिशेलकडं जाऊन राहा." मिशेल म्हणजे सॅव्हियोची बहीण. ती मिरा रोडला पूनम सागरमध्ये राहायची. तिथून कारखानाही सोयीचा होता. सॅव्हियो पहाटे बॅग घेऊन गेला. गावाने बॅग पाहिली आणि सुटकेचा निःश्वास सोडला. गेला एकदाचा, असं व्हेराबाई म्हणाल्या नाहीत. दुसऱ्यांनी म्हटलं तेव्हा त्या गप्प राहिल्या, एवढंच.

तिथून सॅव्हियोने एक चांगुलपणा केला आणि घोळ पक्का झाला. मॅक्सवेल अंकलला बरं वाटावं म्हणून त्याने तो स्वेटर घालून कारखान्याच्या थंड खोलीत फोटो काढला. मागे पांढऱ्या बर्फाची भिंत, भुवयांवर बर्फाचे कण. "स्वेटर फार ऊब देतो," असं खाली लिहून त्याने तो पाठवला. मॅक्सवेलने तो फोटो गावभर दाखवला.

पोलिसांच्या दाखल्याचा अर्ज सॅव्हियोने पासपोर्टवरच्या पत्त्यावरून केला होता, म्हणजे डोंगरीच्या. हवालदार चौकशीला येतील, आले की लगेच मला फोन कर, असं त्याने आईला बजावून ठेवलं होतं. हवालदार गुणवंतराव आले, ते नेमके दुपारी, अंगणात शेजारच्या बायका बोंबील निवडत बसलेल्या आणि आपल्या ओट्यावर मॅक्सवेल जाळं सांधत बसलेला असताना.

"बाई, सॅव्हियो तुमचाच मुलगा ना? आहे का घरी?"

व्हेराबाईंनी हवालदारांकडे पाहिलं, मग सगळ्या बायकांकडे पाहिलं. फोन कमरेलाच होता.

"कॅनडाला," त्या अगदी हळू म्हणाल्या.

गुणवंतरावांना ते नीट कळेना, म्हणून मॅक्सवेल मदतीला धावला. साहेब, मी खोटं बोलत नाही, असं म्हणून त्याने फोटो दाखवला. गुणवंतराव तो बराच वेळ बघत राहिले. कॅनडाला जाण्यासाठी दाखला मागणारा माणूस दाखल्याशिवायच कॅनडाला पोचलाय, हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. अर्जदार दिल्या पत्त्यावर राहत नाही, असा शेरा मारून ते निघून गेले.

दाखला अडकल्याचं कळून सॅव्हियो ठाण्यात पोचला तेव्हा मुदत संपत आली होती.

"तुम्ही कॅनडात आहात," गुणवंतराव म्हणाले.

"साहेब, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"ते दिसतंय मला. पण अख्खं गाव एक सांगतंय आणि तुम्ही एकटे दुसरं सांगताय. मी काय लिहू?"

माणूस भला होता. त्याच पत्त्यावर राहतो असा शेजाऱ्यांचा जबाब घेऊन या, मी शेरा बदलतो, असं त्यांनी सांगितलं. शेजारी म्हणजे मॅक्सवेल.

त्या संध्याकाळी व्हेराबाई मुलाला घेऊन क्रूसाजवळ गेल्या. तिथे रोझरी चालू होती. ती संपेपर्यंत दोघं मागे उभी राहिली. मग व्हेराबाई पुढे आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझा पोर गेला न्हाय. मीच त्याला लपवला."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मॅक्सवेलकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खोटी साक्ष दिली होती, तीही पोलिसाला, फोटोसकट.

"मी देवासमोर ह्याला निरोप दिला," तो म्हणाला. "आता हा हितंच हाय, असं लिवून देऊ?"

"अंकल, मी हितंच हाय," सॅव्हियो म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच गावासारखं बोलला.

मॅक्सवेलने जबाब दिला, पण अटीवर. सॅव्हियोने आजपासून घरीच राहायचं, म्हणजे लिहिलेलं खरं ठरेल. आणि व्हेराबाईंनी यापुढे त्याच्या जाण्याचा शब्द काढायचा नाही. क्रूसावर हात ठेवून व्हेराबाईंनी ते कबूल केलं.

दाखला मुदतीत मिळाला. मेडिकल झालं, मग नुसतं थांबणं सुरू झालं. सॅव्हियो रोज डबा घेऊन जायचा आणि रोज परत यायचा. जाताना नाक्यावर काही हवं का विचारायचा, येताना मॅक्सवेलसाठी पाव आणायचा. पावसाळा गेला, नाताळ गेला. कॅनडाचं नाव गावात कोणी काढेना. तो इथलाच आहे, हे लिहून दिलेलं होतं.

मग एका सकाळी सॅव्हियो दोन मोठ्या बॅगा घेऊन बाहेर आला. रिक्षा दारात उभी होती. शपथ मोडायची नाही म्हणून व्हेराबाई उंबऱ्याच्या आतच उभ्या होत्या. चणे भिजवले नव्हते. ओट्यावर मॅक्सवेल जाळं सांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"कुठं चाललास रं?"

"कॅनडाला, अंकल."

"बरं. येताना पाव आण."

सॅव्हियो थांबला. काहीतरी बोलावंसं त्याला वाटलं. पण निरोप एकदा होऊन गेला होता, आणि तो फार चांगला झाला होता.

"आणतो," तो म्हणाला आणि रिक्षात बसला.

दुपारी त्याचा विमानतळावरून आईला फोन आला. जपून राहा, औषधं घे, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "आई, अंकलचा पाव राहिला."

संध्याकाळी व्हेराबाई स्वतः नाक्यावर गेल्या. आल्यावर त्यांनी कागदात बांधलेला पाव ओट्यावर ठेवला आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. शब्द काढायचा नव्हता. मॅक्सवेलने पावाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. हातातली सुई त्याने जाळ्यात खोचून ठेवली.

"गेला?" त्याने विचारलं.

व्हेराबाईंनी मान डोलावली. मॅक्सवेल उठला, आत गेला आणि मेणबत्ती घेऊन बाहेर आला.