आप्पांची सावकाश दिवाळी

आमच्या गल्लीतल्या दिगंबरआप्पांना सकाळी 'राम राम' घालायचा असेल, तर हाताशी थोडा वेळ ठेवावा लागतो. आप्पा आधी डोळे मिटतात. छाती फुगते, नाकपुड्या रुंदावतात, मग आत घेतलेला श्वास सावकाश बाहेर सुटतो. तोवर तुम्ही दळणाचा डबा घेऊन गिरणीच्या वळणावर पोचलेले असता, आणि पाठीमागून ऐकू येतं, "राम राऽऽम." त्यामुळे आमच्या गल्लीतली माणसं आप्पांचं घर ओलांडलं की मान मागं वळवून चालतात.

एका नव्या दूधवाल्याला हे ठाऊक नव्हतं. त्यानं विचारलं, "आप्पा, किती घालू?" आप्पांनी डोळे मिटले. बराच वेळ झाला तरी उत्तर येईना, तेव्हा तो घाबरला. त्यानं आप्पांना खांद्याला धरून गदागदा हलवलं, "पानी आना, कुणीतरी पानी आना!" म्हणून ओरडून गल्ली गोळा केली. माझ्या सासूबाई तर कांदा फोडून घेऊन धावल्या. आप्पांनी डोळे उघडले, जमलेल्या गर्दीकडं प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, "अर्धा लिटर."

वर आम्हालाच उपदेश केला. "सबूर करा. श्वास घ्या. मंग बोला."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. पाथरी गावात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आमच्या भागात तरी उरलेला नाही. किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर चाललेल्या भांडणात मधोमध उभं राहून आप्पांनी ते दोन्ही बाजूंना ऐकवलं. भांडणारे इतके वैतागले, की एक झाले आणि आप्पांवर उलटले. "मिटलं न्हवं भांडन?" आप्पा नंतर समाधानानं म्हणाले.

गंमत अशी, की हा माणूस मूळचा असा नव्हताच. त्यांची पाथरी ते परभणी काळीपिवळी जीप होती, आणि तेव्हा त्यांच्या तोंडी एकच शब्द असे, "चला." माणसाचा एक पाय जीपमध्ये पडला की दुसरा आपोआप येईल, या विश्वासानं ते गाडी सोडत. घास चावायला वेळ जातो म्हणून भाकरी कालवणात कुस्करून पिऊन टाकत. एकदा तर कौसल्याकाकू, म्हणजे त्यांची बायको, वाटेत मानवतला पाणी प्यायला उतरल्या आणि आप्पा "चला चला" करत तशीच जीप घेऊन गेले. परभणीत सगळी माणसं उतरली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपलं माणूस काही उतरलं नाही. काकू मागच्या जीपनं आल्या. आप्पांना म्हणाल्या, "ही गाडी बरी हाय. हिचा डायवर मागं वळून बघतो."

काकू तशा फार बोलक्या. गल्लीत कुणाच्याही ओट्यावर हशा पिकला, की तिथं काकू असणार हे धरून चालावं.

मागच्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. जिवावरचं टळलं, पण उजवी बाजू अधू झाली आणि बोलणं अडकलं. डोक्यात सगळं लख्ख असतं, शब्द जिभेवर यायला मात्र वेळ लागतो. आप्पांनी जीप विकून टाकली. डॉक्टरांनी हातापायांचे व्यायाम सांगितले, म्हणून ते काकूंना घेऊन मंगल कार्यालयातल्या योगवर्गाला जायला लागले. तिथल्या बाई आसनं झाली की थोडं तत्त्वज्ञानही सांगायच्या. काकू हळूहळू काठी घेऊन चालायला लागल्या. आप्पांचं काय झालं, ते तुम्हाला सांगितलंच.

योगानं आप्पांना नुसतं थांबवलं नाही, शब्दही दिले. 'अपरिग्रह' हा त्यांचा आवडता. मी एकदा डबाभर रव्याचे लाडू पाठवले, तर आप्पांनी तासाभरात रिकामा डबा परत आणला. "इतक्यात संपले?" मी विचारलं. श्वास झाला. मग म्हणाले, "मॅडम, साठवून ठेवनं म्हंजे परिग्रह. घरात साठा नको म्हनून एका बैठकीत खाऊन टाकले." मागून काठी टेकत आलेल्या काकूंनी बोटानं खूण केली, की आपल्या वाट्याला एकच आला.

दुसरा शब्द 'संतोष'. दिवाळीच्या तोंडावर किराणा दुकानात ही गर्दी. सगळे मैदा, साखर, पोहे म्हणून ओरडत होते. आप्पा मधोमध उभे राहून म्हणाले, "आधी संतोष पाहिजे, संतोष!" दुकानदारानं मान वर न करता उत्तर दिलं, "संतोष जेवायला गेलाय. काय पाहिजे ते मला सांगा."

यंदा आप्पांनी ठरवलं, की गल्लीची दिवाळी सावकाश करायची.

मी शाळेत शिकवते. सहामाही परीक्षा संपून सुट्टी लागली, की माझी खरी धावपळ सुरू होते. पहिल्याच सकाळी एका हातात जळमटं काढायचा झाडू आणि दुसऱ्या हातात भाजणीचं पीठ, अशी मी घरभर फिरत होते. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, सुट्टी लागली म्हनं."

"लागली ना आप्पा."

बराच वेळ त्यांनी माझ्या मागं, पलंगाखाली, कपाटाच्या बाजूला वाकून पाहिलं. "मंग हाय कुठं? मला तर दिसंना."

मला हसू आलं, पण माळा आवरायचा राहिला होता. "आप्पा, सणाला घर नको का स्वच्छ?"

"तुमी माळ्यावर जेवायला बसायलाव का पावन्यांना घेऊन?" आप्पा म्हणाले. "असू द्या की तिथं धूळ. ती बी वर्षभर बसूनच हाय, कुनाला तरास देत न्हाई."

सासूबाई आत करंज्या तळत होत्या. त्यांचं आणि आप्पांचं जुनं वाकडं. "आप्पा," त्या ओरडल्या, "करंजी तेलात हाय. तिला बी श्वास घ्यायला सांगू का?"

"वैनी, करंजीला न्हाई, तुमाला सांगायलोय," आप्पा म्हणाले आणि आत येऊन पाटावर बसले. सासूबाईंनी त्यांच्यापुढं बशीत करंजी आणि चहा ठेवला. आप्पांनी हात जोडले. आधी गहू पेरणाऱ्याचे आभार मानले, मग कापणाऱ्या बायांचे, मग गिरणीवाल्याचे. तिथून ते नारळाकडं वळले. नारळ कोकणातून येतो, त्यामुळे रस्त्यात बरीच माणसं लागली. ट्रकवाल्याशी तर त्यांचा व्यवसायबंधू म्हणून जिव्हाळा. चहावर साय धरली.

"आता गॅसचे बी माना," सासूबाई म्हणाल्या, "चहा परत गरम करावा लागनार हाय."

आप्पांनी मनापासून गॅसचे आभार मानले.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी माळ्यावर चढले नाही. दुपारी करंज्यांचे काठ मुडपत सासूबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी मला त्यांच्या माहेरच्या दिवाळीची एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मी पहिल्यांदा ऐकली, कारण इतक्या वर्षांत मी दुपारी कधी बसलेच नव्हते.

पाडव्याला सकाळी आप्पांनी आम्हाला फराळाला बोलावलं. त्यांची मुलगी संगीता पुण्याहून आलेली होती. संगीता मोठ्या कंपनीत आहे, आणि चालणं-बोलणं थेट जीपवाल्या आप्पांचं. पोरगी आईवर जीव टाकते. कुणाच्या हातातलं ओझं पटकन घ्यावं, तसं आईचं वाक्य अर्ध्यातच उचलते. काकूंनी "जरा..." म्हणायचा अवकाश, ही पाणी घेऊन हजर. काकूंना कदाचित खिडकी उघडून हवी असायची. त्या पाणी पिऊन टाकायच्या. आम्हीही सगळे तसंच करायचो. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नव्हतं.

अंगणात सतरंजी टाकलेली. मोबाइल आत ठेवायचे, हा पहिला नियम. दुसरा असा, की फराळाआधी प्रत्येकानं कशाचे तरी आभार मानायचे, आणि एकाचं झालं की दुसऱ्यानं बोलण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटून निवांत श्वास घ्यायचा.

"पप्पा, चकल्या मऊ पडतील," संगीता म्हणाली.

"पडू द्या. त्यांना बी जरा सैल होऊ द्या."

माझे यजमान म्हणाले, "यंदा बायकोनं मला माळ्यावर चढवलं नाही. त्याबद्दल आप्पांचे आभार." सगळे हसले. श्वास झाला. सासूबाई म्हणाल्या, "सणात गॅसची टाकी संपली न्हाई, तिचे आभार." श्वास झाला. संगीतानं बॉसचे मानले, रजा मंजूर केली म्हणून. मग काकूंची पाळी आली.

काकू खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी ओठ हलवले. "मी..."

"आईचं मी सांगते," संगीता लगेच म्हणाली. "आईला म्हणायचंय, की तुम्ही सगळे आलात, खूप बरं..."

"थांब," आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण संगीता थबकली. "तिचं ती सांगंल."

आम्ही थांबलो. पलीकडच्या गल्लीत पोरांनी फटाक्यांची लड लावली, ती तडतडून संपली. मला राहवेना. जिभेवर दोन-तीन शब्द आले होते, त्यातला एखादा काकूंना द्यावा असं वाटत होतं. आप्पा डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून बसले होते. घाई कशी ती नाहीच.

"ह्यांनी..." काकू म्हणाल्या.

नवऱ्याचे आभार! पाडव्याच्या दिवशी! आप्पांची मान नकळत ताठ झाली.

"ह्यांनी... चकल्या... जाळल्या."

अंगण हशानं फुटलं. आम्ही ताटाकडं पाहिलं, चकल्या खरोखरच कोळशासारख्या होत्या. सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. संगीता डोळे पुसत होती. आप्पांनीच हात वर केला.

"सबूर, सबूर. तिचं झालं न्हाई अजून."

खरंच काकूंचे ओठ पुन्हा हलत होते. आम्ही पुन्हा थांबलो. या वेळी जास्तच वेळ लागला. एक शब्द येता येता परत गेला, काकूंनी कपाळाला आठ्या घालून त्याला पुन्हा शोधून काढलं.

"तरी... रोज... माझी वेणी... हेच... घालतेत."

कुणी हसलं नाही. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आप्पांचे कान लालबुंद झाले. "खा आता, खा," ते भराभर म्हणाले आणि कुणाच्याही ताटात काहीही वाढत सुटले. माझ्या ताटात तीन अनारसे आणि सासूबाईंच्या चहात शेव पडली.

फराळानंतर मी ताटं उचलायला आत गेले. आप्पा मोरीपाशी भांडी विसळत होते. मी विचारलं, "आप्पा, हे बोलण्याआधी थांबायचं योगात कुठं सांगितलंय?"

"कुठंच न्हाई," आप्पा म्हणाले. "संतोष, अपरिग्रह हे त्या बाईंनी शिकवलं. थांबायचं माझं मी घातलंय." त्यांनी तांब्या उपडा घातला. "मॅडम, हिला एकेक शब्द हुडकावा लागतो. हुडकून आनती तवर मानसं दुसऱ्याच इषयावर गेलेली असतेत. मंग ही बोलायचंच सोडायली होती. आता फकस्त हिच्यासाठी थांबा म्हनलं, तर हिला कसं वाटंल? म्हनून म्हनलं, सगळ्या गल्लीलाच हळू करावं."

"पण लोक तुम्हाला हसतात, आप्पा."

"हसू द्या की," ते म्हणाले. "हसायला येळ लागतो. तेवढ्यात तिला शब्द घावतो."

दुसऱ्या दिवशी संगीता निघायची होती. मी चिवड्याची पिशवी द्यायला गेले, तर काकू ओट्यावर उन्हात बसलेल्या आणि संगीता त्यांच्यामागं कंगवा घेऊन.

"आज मी घालते वेणी," ती म्हणाली. आप्पा बाजूला उभं राहून बघत होते. संगीताची बोटं सराईत. बघता बघता तिनं सुरेख, घट्ट, सरळ वेणी घातली, खाली रिबिन बांधली आणि आईपुढं आरसा धरला.

काकूंनी डाव्या हातानं वेणी पुढं घेतली. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

आम्ही थांबलो.

"छान... हाय," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी रिबिन ओढली. डाव्या हातानं एकेक पेड सावकाश सोडवला, केस पाठीवर मोकळे टाकले, आणि लेकीच्या हातातून कंगवा घेऊन आप्पांपुढं धरला.

संगीता काहीतरी बोलणार होती. ती गप्प राहिली, आणि वडलांना बसायला जागा करून दिली.