धोंडूअण्णाचं उन्हाळी भात

दिवाळी झाली, भात घरात आलं, की आमच्या गावात गुरं सुटतात आणि धोंडूअण्णा बांधला जातो. देवरूखच्या आसपास सगळीकडे हाच रिवाज. पावसाचं एक भात घ्यायचं आणि पुढच्या पावसापर्यंत गुरं मोकळी सोडायची, कारण खायला उभं पीकच नसतं. अपवाद एकट्या अण्णाचा. ओढ्याकाठच्या, आमच्या भाषेत पऱ्याकाठच्या, पाणथळ तुकड्यात तो वायंगण करतो, म्हणजे उन्हाळ्यातलं दुसरं भात. सगळा गाव करपलेला आणि तेवढाच एक तुकडा हिरवा. गावातल्या प्रत्येक जनावराला त्याचा पत्ता पाठ.

म्हणून अण्णा दिवसभर बांधावर. त्यातही जनावर हाकायचं ते त्याच्या मालकाच्या नावानं, आणि मानानं. "सरपंच, तोंड फिरवा. हितं काय ठेवलंय तुमचं?" असं तो एका तांबड्या बैलाला सांगत असतो. आमचा पाडा एकदा कुंपण मोडून आत शिरला, तेव्हा अख्ख्या वाडीनं ऐकलं, "ओ भाऊ, घरात वाढीत नाय काय तुमाला?" भाऊ म्हणजे मी, त्या वेळी ओटीवर चहा पीत होतो. पुढचा आठवडाभर बायकोनं मला नको म्हणेपर्यंत वाढलं.

रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला की अण्णा त्याच्याशीही भांडतो. खरीप, रब्बी असं काही तिथला माणूस बोलू लागला, की हा म्हणणार, "हंगाम त्या डब्यात नसतो रे बाबा."

त्या वर्षी मात्र त्यानं कहर केला. आदल्या वर्षीचं वायंगण चैत्रातच पिकलं होतं आणि एकट्यानं कापताना अण्णाचं तोंड पडलं होतं. बायको गेलेली, तिन्ही मुलगे मुंबईला नोकरीत. या खेपेला त्यानं पेरणीच मुद्दाम उशिरा केली, संक्रांत उलटल्यावर.

"अण्णा, हे भात मे महिन्यावर जाईल," मी म्हटलं. "पऱ्या त्याआधी आटेल."

"पऱ्या आटल. मी नाय आटनार."

होळीनंतर पऱ्या खरंच आटला. अण्णा विहिरीवरून कावडीनं पाणी आणून शेतात ओतू लागला. माणूस सुकला, भात सुकलं नाही. "एक लोंबी घरात येणार नाही," असं सरपंचांनी जाहीर केलं आणि गावानं मान डोलावली. मीसुद्धा डोलावली.

मे महिन्यात तिन्ही मुलगे बायकापोरांसह एसटीनं उतरले, त्या दिवशी शेत पिवळं धमक होऊन वाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात तीन विळे धार लावून ठेवलेले.

थोरला वैतागला. "बाबा, आराम करायला आलो ना आम्ही. आज वेळणेश्वरला जायचं ठरलंय."

अण्णा कधी नव्हे ते खाली बघून बोलला. "दसऱ्याला कापनी आसते तवा तुमाला रजा नसते. तुमी कापनीला येत नाय, म्हनून कापनीच आनली तुमच्या रजेला."

मग थोरल्यानं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि विळा उचलला.

बातमी वाडीभर गेली. बांधावर गाव जमला. सरपंचांनी एक लोंबी हातात घेऊन दाणे मोजल्यासारखं केलं, घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णा, बी देशील काय थोडं?" मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

अण्णाला ते ऐकूही गेलं नसावं. तो मुलांच्या ओळीत वाकला होता. कापणीला त्याच्या हाताला वेग केवढा, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. त्या दिवशी मात्र तो सगळ्यांच्या मागे होता. चारचार काड्या धरून कापायचा, उगाच पेंढी सोडून पुन्हा बांधायचा. धाकटा घामाघूम होऊन पुढे निघाला, तसा अण्णानं त्याचा सदरा मागून ओढला.

"सावकाश काप रे," तो म्हणाला. "शेत लहान हाय. लगेच सपल."