इब्राहिमचाचांची तीन कार्डं

इब्राहिमचाचांच्या शर्टाच्या खिशात कायम तीन कार्डं असतात. शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा कापून केलेली आणि वर जाड मार्करने लिहिलेली. एकावर 'पाच मिनिटं', दुसऱ्यावर 'एक मिनिट' आणि तिसऱ्यावर 'वेळ संपली'. तुम्ही त्यांच्याशी बोलायला लागलात की ते आधी घड्याळ बघतात आणि तुमचं बोलणं रंगात आलं की एकेक कार्ड शांतपणे वर करतात. मी कुवेतमधल्या फहाहीलच्या या इमारतीत राहायला आले, त्याच आठवड्यात बाथरूमचं छत गळायला लागलं. चाचा जुने रहिवासी म्हणून मी त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. प्लंबर दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही, इथवर पोचले तेवढ्यात समोर 'वेळ संपली'. मी इतकी गांगरले की "थँक यू" म्हणून घरी परत आले. छत गळतच राहिलं.

हे कमी म्हणून की काय, दुसऱ्या दिवशी चाचा मला जिन्यात अडवून म्हणाले, "बाय, काल तू तुझी बाजू सांगितलीस. आता प्लंबरची सांग."

"प्लंबरची मी कशाला सांगू?"

"दोन्ही बाजू बोलता येत नाय, त्याला आपली पण बाजू येत नाय."

मग मी जिन्यात उभी राहून, हातात भाजीच्या पिशव्या घेऊन, त्या न आलेल्या प्लंबरची बाजू मांडली. त्याला म्हणे एकट्याला सहा इमारती बघाव्या लागतात. मांडता मांडता मला त्याची दयाच यायला लागली. माझी मुलगी घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. तिलाही त्यांनी एकदा गृहपाठ का करावा या विषयावर बोलायला लावलं होतं. ती "दॅट्स नॉट फेअर, चाचा" म्हणत पाच मिनिटं बोलली आणि नंतर मुकाट्याने गृहपाठाला बसली. तेव्हापासून मी त्यांच्या विक्षिप्तपणाबद्दल बोलणं बंद केलं.

चाचा दापोलीकडचे. इथे एका व्यापारी कंपनीत मंदूब, म्हणजे कंपनीची कागदपत्रं घेऊन सरकारी खिडक्यांसमोर उभं राहणारा माणूस. आता बरंचसं काम फोनवर होतं, पण चाचांचं आयुष्य रांगेत गेलं. त्या रांगांनी त्यांना एकच धडा शिकवला आणि तो ते येईल त्याला ऐकवत: "फारम भरताना रकाना रिकामा ठेवायचा नाय. रकाना रिकामा, कागद माघारी." नाव विचारलं तर ते नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं लिहितात. माझ्या कुटुंबाच्या व्हिसाचा अर्ज त्यांनीच भरला. असे किती जणांच्या बायकामुलांचे अर्ज त्यांनी भरले असतील, देव जाणे. त्यांची स्वतःची बायको मात्र कधी इथे आली नाही. त्यासाठी जेवढा पगार लागतो तेवढा त्यांना कधी मिळालाच नाही. हेही ते अगदी सहज सांगतात, जणू शेजाऱ्याचं सांगताहेत.

कार्डांचं कोडं मला उलगडलं ते एका शुक्रवारी. सुट्टीचा दिवस होता. चाचा दारात आले आणि म्हणाले, "जज कमी पडतोय. येशील?"

त्यांची मुलगी सना रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान लॉ कॉलेजात शिकत होती आणि मूट कोर्ट करत होती. मूट कोर्ट म्हणजे विद्यार्थ्यांचं खोटं खोटं न्यायालय. खटला काल्पनिक, पण कायदा खरा. दोघी बोलणार, तिसरी संशोधन करणार, आणि आज जी बाजू मांडली तिच्याविरुद्ध उद्या तितक्याच जोरात बोलायचं. समोर वेळेची कार्डं दाखवणारा एक कारकून बसतो. दर शुक्रवारी सकाळी चाचा फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवत आणि तिकडे सना उभी राहून युक्तिवाद करी. चाचा कारकून. जज म्हणून इमारतीतले जे सापडतील ते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. मला आयुष्यात 'माय लॉर्ड' म्हणणारी सना ही एकटीच. मी भेंडी चिरत न्यायदान करायची. चाचा बाजूने कुजबुजत, "प्रश्न विचार, प्रश्न विचार," आणि मी काहीतरी विचारलं की पोरगी दचकून खांदे पाडायची. मग कारकून कारकुनी विसरून ओरडायचे, "खांदे गो, खांदे!"

त्या स्पर्धेतला एक नियम चाचांना जीव की प्राण होता. तिथे कॉलेजचं नाव सांगायचं नसतं. प्रत्येक संघाला फक्त एक आकडा. आपण कुठले, हे जजला कळलं तर गुण कापले जातात. चाचा म्हणत, "बघ, मोठ्या कॉलेजची पोरा आणि माजी पोरगी, दोघांना नंबरच. असा इन्साफ मी कुठल्या खिडकीवर पाह्यला नाय."

सनाच्या संघाची दिल्लीच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली आणि प्रश्न आला पैशाचा. प्रवेश फी, तिघींचा प्रवास, राहणं, लेखी युक्तिवादाच्या छापील प्रती, काळे कोट. प्राचार्यांनी पत्र दिलं. त्यात परवानगी होती आणि हार्दिक शुभेच्छा होत्या. मी भयंकर चिडले. चाचांनी खिशात हात घातला, पण कार्ड काढलं नाही. म्हणाले, "आता प्राचार्याची बाजू ऐक." आणि उभं राहून त्यांनी ती मांडली. लायब्ररीत पुस्तकं नाहीत, दोन वर्गांना पंखे नाहीत, फी भरायला न जमलेली पन्नास पोरं दारात उभी आहेत. अशा वेळी तीन मुलींना बोलायला दिल्लीला पाठवू का पंखे बसवू? त्यांनी अगदी चोख मांडलं.

"मग मुलींचं काय?" मी विचारलं.

"त्यांची बाजू मी घेतली," चाचा म्हणाले.

कंपनी त्यांना वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट देते. नाही गेलं तर त्याचे पैसे मिळतात. चाचांनी पैसे घेतले, रजेवर पाणी सोडलं आणि मुली दिल्लीला गेल्या. माझ्याकडून एक दिनारही घेतला नाही. "तू जज हायस. जजने पैसे द्यायचे नसतात," म्हणाले.

मुली उपान्त्य फेरीत पोचल्या. ती फेरी लिंकवरून कोणालाही बघता येणार होती. चाचांनी मुलीला उभं राहून बोलताना बघितलं होतं ते बाटलीला टेकवलेल्या फोनवर. खऱ्या जजसमोर, कोट घालून, कधीच नाही. त्या शनिवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं आणि लिंक उघडली. आत शिरण्याआधी फोनने त्यांना नाव विचारलं. रिकामा रकाना होता. चाचांनी तो भरला. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, 'सनाचे वालिद', तिच्या कॉलेजचं नाव, तालुका, जिल्हा.

तरीही कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण सना बोलायला उभी राहिली तेव्हा चाचांच्या तोंडून 'बिस्मिल्ला' निघालं आणि माईक चालू होता. लिंकवर जो बोलेल त्याचं नाव पडद्यावर मोठं होतं. दिल्लीच्या त्या सभागृहात तीन जजच्या मागच्या भिंतीवर चाचांचा अख्खा अर्ज झळकला. समोरच्या संघाने हरकत घेतली. ती रास्तच होती. नियमाप्रमाणे गुण कापले गेले, आणि जेवढे कापले गेले त्याहून कमी गुणांनी मुली हरल्या.

सना त्यांना एका शब्दाने बोलली नाही. "जाऊ द्या अब्बा, पुढच्या वर्षी बघू," एवढंच म्हणाली. ती रागावली असती तर चाचांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. ते माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "एवढी वर्षं लोकांचे कागद भरले. एक कागद माघारी नाय आला." मी चहा ठेवला, तो प्यायला ते थांबले नाहीत. नंतर कित्येक महिने त्यांचा खिसा रिकामा होता. मी मुद्दाम लांबण लावून बोलायची, प्लंबरच्या जुन्या कथा काढायची. ते ऐकून घेत. त्यांनी मला असं निमूट ऐकून घ्यावं, हे मला अजिबात सोसत नव्हतं.

पुढच्या वर्षी संघ पुन्हा निवडला गेला. प्राचार्यांनी पुन्हा शुभेच्छा दिल्या. चाचांनी पुन्हा तिकिटाचे पैसे घेतले. घरी जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. मुली पुन्हा उपान्त्य फेरीत आल्या, तेव्हा मी म्हटलं, "चाचा, मी माझ्या फोनवर लावते. नाव 'गेस्ट' टाकते, माईक बंद करते. तुम्ही नुसते शेजारी बसा."

"नाय. माजा भरवसा नाय," ते म्हणाले. "मी तिला बघितला, तर माज्या तोंडातून काय निघेल, ते मला ठाव नाय. तू बघ. मी हिकडे बसतो."

त्यांच्याबरोबर राहणारे दोघे ड्रायव्हर ड्युटीवर गेले होते. मी चाचांच्या स्वयंपाकघरात कानाला इअरफोन लावून बसले. सना उभी राहिली. पहिल्या दोन वाक्यांत आवाज कापला, मग स्थिरावला. जजने मध्येच अडवलं तेव्हा ती थांबली, पूर्ण ऐकून घेतलं आणि मग उत्तर दिलं. खांदे सरळ होते. चाचांना निदान हे तरी सांगावं म्हणून मी उठून दाराशी आले.

बाहेरच्या खोलीत ते खुर्चीत ताठ बसले होते. समोर बाटली होती आणि बाटलीला टेकवलेला फोन बंद होता. नजर भिंतीवरच्या घड्याळावर. फेरी किती वाजता सुरू होणार ते त्यांना पाठ होतं. मी बघत असतानाच त्यांनी त्या काळ्या पडद्यासमोर 'पाच मिनिटं'चं कार्ड वर धरलं. मी तिथेच उभी राहिले. माझ्या कानात सना बोलत होती आणि इथे तिचा बाप तिला वेळ दाखवत होता. मग 'एक मिनिट'. मला रडू आवरेना, म्हणून मी आत गेले.

मुली जिंकल्या. अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी होती. अर्ध्या तासाने सनाचा फोन आला.

"अब्बा, पाहिलंत?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी स्वतःचे खांदे ताठ करून दाखवले आणि 'हो' अशी मान हलवली.

"पाह्यला ना. सगळा पाह्यला. खांदे सरळ होते."

पलीकडून सना म्हणाली, "मी बोलायच्या आधी बघणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव शोधलं, अब्बा. वरपासून खालपर्यंत. दिसलं नाही."

"होतो गो," चाचा म्हणाले. "नुसता नाव नाय लिवला."

मग सना बोलत सुटली. जजने काय विचारलं, मैत्रिणीचा कोट कसा सैल होता, दिल्लीत थंडी किती आहे, अम्मीने डब्यात काय दिलं होतं, आणि तुम्ही घरी कधी येणार. ती पाऊण तास बोलत होती. तिन्ही कार्डं टेबलावर पडली होती. चाचांनी त्यांना हातसुद्धा लावला नाही.